रोमन आइड्स म्हणजे पौर्णिमा का? ग्रहणांच्या साक्षीने एक सविस्तर उत्तर

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर नीट लागेल. आपण ज्युलियस सीझरच्या अखेरच्या दिवसांवर नाटक लिहीत आहात. रोमन लोकांची आइड्स म्हणजे पौर्णिमा, असे आपल्या वाचनात आले आहे. त्यावरून आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. सीझरचा खून मार्चच्या आइड्सला झाला, तर आदल्या रात्रीच्या प्रवेशात पूर्ण चंद्र दाखवावा का? रोमन दिनदर्शिकेत प्रत्येक पौर्णिमेचे नाव आणि चंद्रग्रहणांचे दिवस आधीच नोंदलेले असत का? आणि कोणतीही रोमन तारीख हाती आली, तर तिच्यावरून चंद्राची कला सांगता येते का?

या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण आहे. दिनदर्शिकेतला चंद्र आणि आकाशातला चंद्र या रोममध्ये फार पूर्वीच दोन वेगळ्या गोष्टी झाल्या होत्या, आणि आपल्याला मिळालेली माहिती या दोघांना एकच धरून चालते. माझे रोजचे काम जुन्या ताम्रपटांतील तिथी, वार आणि ग्रहणे ताडून पाहण्याचे आहे; रोमन कालगणनेचा अभ्यास त्याच कामाच्या ओघात सुरू झाला आणि पुढे वाढत गेला. या कामात ग्रहणाचा उल्लेख सापडणे ही फार मोलाची गोष्ट असते. लेखनिकाची तिथी चुकू शकते, राजाचे शासनवर्ष चुकू शकते. पण चंद्रग्रहण पौर्णिमेखेरीज आणि सूर्यग्रहण अमावास्येखेरीज कधीही होत नाही. म्हणून रोमन तारखांचीही परीक्षा मी ग्रहणांवरच घेतो, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तरही त्याच वाटेने देणार आहे.

प्रथम आइड्सविषयी. रोमन महिन्यात तीन खुणेचे दिवस असत. पहिला दिवस कॅलेंड्स, पाचवा किंवा सातवा नोन्स, आणि तेरावा किंवा पंधरावा आइड्स. मार्च, मे, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत नोन्स सातव्या दिवशी आणि आइड्स पंधराव्या दिवशी येई. उरलेल्या आठ महिन्यांत पाचव्या आणि तेराव्या दिवशी. मधल्या दिवसांना स्वतःचा क्रमांक नव्हता. पुढच्या खुणेच्या दिवसाला किती दिवस उरले, असे उलटे मोजत, आणि मोजताना दोन्ही टोकांचे दिवस धरीत. ही मांडणी चंद्रावरूनच आली असावी, असे मानायला भक्कम आधार आहे. व्हारो आणि माक्रोबियुस हे रोमन लेखक सांगतात की जुन्या काळी एक कनिष्ठ पुरोहित पश्चिमेकडे नव्या चंद्रकोरीची वाट पाहत असे. कोर दिसली की तो 'रेक्स साक्रोरुम' या धर्मकार्याच्या अधिकाऱ्याला कळवी, बळी दिला जाई, आणि कॅपिटोल टेकडीवर कुरिया कालाब्राजवळ लोकांना जमवून जूनो देवतेच्या नावाने घोषणा केली जाई: नोन्सला पाच दिवस, किंवा नोन्सला सात दिवस.

या घोषणेचे गणित मला फार सुंदर वाटते, म्हणून त्यावर थोडा थांबतो. नोन्सपासून आइड्स नेहमी आठ दिवसांनी येते. आइड्सनंतर महिना संपेपर्यंत, फेब्रुवारीचा अपवाद सोडला, तर नेहमी सोळा दिवस उरतात, मग महिना २९ दिवसांचा असो वा ३१ दिवसांचा. म्हणजे महिन्यातील सगळा कमीजास्तपणा कॅलेंड्स आणि नोन्स यांच्यामधल्या छोट्या टप्प्यात गोळा केलेला आहे. कोर पाहिल्यावर पाच की सात एवढे एकदा जाहीर केले, की उरलेला महिना आपोआप ठरतो. आता आकाश पाहा. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत सरासरी पावणेपंधरा दिवस लागतात आणि नवी कोर अमावास्येनंतर साधारण एक-दोन दिवसांनी दिसते. कोर दिसण्यापासून मोजले तर पौर्णिमा तेराव्या ते पंधराव्या दिवसाच्या आसपास पडणे अगदी स्वाभाविक आहे. कॅलेंड्स म्हणजे कोर, नोन्स म्हणजे अर्धा चंद्र, आइड्स म्हणजे पूर्ण चंद्र, हा आराखडा असा जुळतो. आइड्सचा दिवस जुपिटरचा मानलेला होता, आणि त्या दिवशी पांढरी मेंढी साक्रा व्हिया या मार्गाने कॅपिटोलकडे नेऊन त्याला बळी देत. सूर्यास्तानंतरही ज्या दिवसाचा उजेड संपत नाही तो प्रकाशाच्या देवाचा दिवस, असे त्याचे स्पष्टीकरण माक्रोबियुसने दिले आहे.

इथपर्यंत आपण वाचलेली माहिती बरोबर आहे. अडचण पुढे सुरू होते. ज्या काळातल्या रोमची लिखित साधने आपल्यापाशी आहेत, त्या काळात हा आराखडा केवळ सांगाडा म्हणून उरला होता. प्रजासत्ताकाच्या काळातील रोमन वर्ष ३५५ दिवसांचे होते: चार महिने ३१ दिवसांचे, सात महिने २९ दिवसांचे आणि फेब्रुवारी २८ दिवसांचा. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४.३७ दिवसांचे असते. तेव्हा हे वर्ष चांद्रवर्षाच्या अगदी जवळचे आहे, आणि ते तसेच चालू दिले असते तर आइड्स आणि पौर्णिमा यांच्यात दीड-दोन वर्षांत एखाद्या दिवसाचेच अंतर पडत गेले असते. परंतु ऋतूंशी मेळ राखण्यासाठी त्यात अधिक दिवस घालावे लागत, आणि ते घालण्याची रोमन रीत चंद्राला पूर्णपणे सोडून देणारी होती.

मराठी वाचकाला हा फरक चटकन समजेल, कारण आपल्या पंचांगातही अधिक मास आहे. आपला अधिक मास हा पूर्ण चांद्रमास असतो. अमावास्येनंतर सुरू होऊन पुढच्या अमावास्येला संपतो. त्यामुळे महिन्यांची नावे पुढे सरकतात, पण पौर्णिमा पौर्णिमेलाच राहते. रोममध्ये फेब्रुवारी २३ किंवा २४ तारखेला तोडून त्यापुढे २७ दिवसांचा अधिक महिना जोडत. वर्षाची लांबी ३७७ किंवा ३७८ दिवस होई, म्हणजे प्रत्यक्ष भर २२ किंवा २३ दिवसांची. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. म्हणजे एकदा अधिक महिना घातला की आइड्स आणि पौर्णिमा यांची ताटातूट एका झटक्यात सुमारे सात दिवसांची होते. समजा, एखाद्या वर्षी मार्चच्या आइड्सला नेमकी पौर्णिमा होती. मध्ये एक अधिक महिना पडला, तर पुढच्या मार्चच्या आइड्सला शुक्ल अष्टमीच्या जवळचा अर्धा चंद्र असेल. असे दोनदा झाले की आइड्स जवळजवळ अमावास्येला जाऊन भिडते.

त्यात आणखी एक गोष्ट. हे अधिक महिने केव्हा घालायचे ते पुरोहितमंडळ ठरवी, आणि पुरोहित हे राजकारणातलेच लोक असत. आपल्या माणसाचा कार्यकाळ लांबवायचा, विरोधकाचा आखूड करायचा, यासाठी हा अधिकार वापरला जाई, अशी तक्रार प्राचीन लेखकांनीच केली आहे. युद्धाच्या धामधुमीत अधिक महिने घालायचे राहूनही जात. म्हणून सीझरपूर्व रोमन तारखेवरून आकाशातला चंद्र काढणे हे परिस्थितीवर अवलंबून आहे: त्या वर्षाच्या जवळपास एखादे ग्रहण नोंदलेले असेल तर काही सांगता येते, नसेल तर तारीख केवळ दिनदर्शिकेतली तारीख राहते.

आता ग्रहणांची साक्ष पाहू. इतिहासकार लिव्ही सांगतो की इ.स.पू. १९० मध्ये अपोलोच्या सन्मानार्थ भरणाऱ्या खेळांच्या वेळी, क्विंक्टिलिस म्हणजे जुलै महिन्याच्या ११ तारखेला, आकाश निरभ्र असताना भरदिवसा अंधारले. हे सूर्यग्रहण आधुनिक गणिताने निश्चित करता येते, ते इ.स.पू. १९० च्या १४ मार्चला झाले. रोमन दिनदर्शिका जुलै म्हणत होती आणि खरा ऋतू वसंताच्या तोंडाशी होता, म्हणजे दिनदर्शिका जवळजवळ चार महिने पुढे धावत होती. आपल्या विषयासाठी मात्र दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जुलैची आइड्स १५ तारखेला, आणि सूर्यग्रहण झाले ११ तारखेला. सूर्यग्रहण म्हणजे अमावास्या. ज्या दिवसांत दिनदर्शिकेप्रमाणे चंद्र पूर्ण होत आलेला असायला हवा होता, त्याच दिवसांत तो आकाशातून नाहीसा झाला होता.

दुसरी साक्ष याहून प्रसिद्ध आहे. इ.स.पू. १६८ मध्ये मॅसिडोनियाचा राजा पर्सेयुस आणि रोमन सेनापती लुसियुस एमिलियुस पॉलुस यांचे सैन्य पिडनाजवळ समोरासमोर तळ देऊन होते. लढाईच्या आदल्या रात्री चंद्रग्रहण झाले. लिव्हीच्या वृत्तान्तानुसार गायुस सुल्पिसियुस गालुस या सैनिकी अधिकाऱ्याने सैन्याला एकत्र बोलावून आधीच सांगितले होते की येत्या रात्री दुसऱ्या तासापासून चौथ्या तासापर्यंत चंद्र झाकला जाईल, तो नियमाने होणारा प्रकार आहे, त्याला अपशकुन मानू नये. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याच्या लेखनात मात्र गालुसने हे स्पष्टीकरण ग्रहण झाल्यानंतर दिले असे येते, आणि मला स्वतःला तेच अधिक संभवनीय वाटते. कारण स्पष्ट आहे: ग्रहण कसे होते हे समजणे एक गोष्ट, आणि विशिष्ट रात्रीचा विशिष्ट तास आधी वर्तवणे ही त्याहून फार कठीण गोष्ट आहे. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने त्याच रात्रीचे वर्णन करताना लिहिले आहे की रोमन सैनिकांनी रिवाजाप्रमाणे पितळेची भांडी वाजवून चंद्राचा उजेड परत बोलावला आणि पेटत्या मशाली आकाशाकडे उंचावल्या. पॉलुसला ग्रहणाचे शास्त्र ठाऊक असूनही चंद्र मोकळा होताच त्याने चंद्रदेवतेला अकरा कालवडींचा बळी दिला. शास्त्र जाणणे आणि विधी पाळणे यांत त्याला विरोध वाटला नाही, हे रोमन मन समजून घेताना लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या ग्रहणाची तारीख आपल्या प्रश्नाचा निकाल लावते. लिव्ही सांगतो की ही रात्र सप्टेंबरच्या नोन्सच्या आदल्या दिवसापूर्वीची होती, म्हणजे ३ आणि ४ सप्टेंबरमधली. गणिताने हे ग्रहण इ.स.पू. १६८ च्या २१ जूनच्या रात्रीचे ठरते. दिनदर्शिका आता सुमारे अडीच महिने पुढे होती. १९० मध्ये जवळजवळ चार महिने पुढे असलेली दिनदर्शिका मधल्या काळात थोडी मागे खेचली गेली होती. अधिक महिन्यांविषयी इ.स.पू. १९१ मध्ये कॉन्सल, म्हणजे दरवर्षी निवडला जाणारा सर्वोच्च अधिकारी, मानियुस असिलियुस ग्लाब्रियो याने कायदा केल्याची नोंद आहे, तिच्याशी हे जुळते. पण पौर्णिमा कुठे आहे ते पाहा. सप्टेंबरची आइड्स १३ तारखेला. चंद्रग्रहण, म्हणजे निखळ पौर्णिमा, आली ३ तारखेच्या रात्री. आइड्स उगवेपर्यंत चंद्र क्षीण होत अमावास्येकडे निघालेला असणार. याहून स्पष्ट पुरावा मागण्याची गरज नाही.

एवढ्यावरून आपल्या पहिल्या प्रश्नाचा अर्धा भाग सुटतो: प्रजासत्ताकाच्या काळातच आइड्स ही पौर्णिमेची आठवण उरली होती, पौर्णिमा नव्हे. उरलेला अर्धा भाग सीझरच्या सुधारणेनंतरचा आहे, कारण त्याचा खून नव्या दिनदर्शिकेच्या दुसऱ्याच वर्षी झाला.

सीझरने इ.स.पू. ४६ हे वर्ष तब्बल ४४५ दिवसांचे केले, साचलेला सगळा घोळ त्यात मिटवला, आणि इ.स.पू. ४५ च्या १ जानेवारीपासून ३६५ दिवसांचे सौरवर्ष सुरू केले. या कामात अलेक्झांड्रियाचा सोसिगेनेस हा ज्योतिर्विद त्याचा सल्लागार होता, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. ३५५ दिवसांच्या वर्षात दहा दिवस वाढवायचे होते. ते जानेवारी, सेक्स्टिलिस म्हणजे नंतरचा ऑगस्ट, आणि डिसेंबर यांना दोन-दोन, आणि एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर यांना एक-एक असे वाटले. वाढीव दिवस त्याने महिन्यांच्या अखेरीस घातले, जेणेकरून नोन्स, आइड्स आणि त्यांवर टेकलेले धार्मिक विधी जागचे हलू नयेत. म्हणूनच जानेवारी ३१ दिवसांचा होऊनही त्याची आइड्स १३ तारखेलाच राहिली. 'एकतीस दिवसांच्या महिन्यात आइड्स पंधराला' असा नियम अनेक ठिकाणी छापलेला आढळतो. तो चुकीचा आहे, आणि चुकीचा का आहे हे या तपशिलावरून कळते. सीझरच्या या काळजीमुळे आइड्सचे नाव आणि जागा सुरक्षित राहिली, पण महिन्याचा चंद्राशी उरलासुरला संबंध कायमचा संपला.

आता इ.स.पू. ४४ च्या १५ मार्चचे आकाश. मध्यम चांद्रमास मागे मोजत नेला तर त्या मार्चमधली अमावास्या १९-२० तारखेच्या सुमारास येते. म्हणजे आइड्सच्या दिवशी अमावास्येला चार-पाच दिवस उरले होते. आपल्या भाषेत कृष्ण दशमी-एकादशीच्या आसपासची तिथी. सीझरनंतर काही दशके लीप वर्षे चुकीच्या अंतराने, म्हणजे चारऐवजी तीन वर्षांनी, घातली गेली. त्यामुळे त्या काळातील रोमन तारीख आणि आपण आज मागे मोजत नेलेली तारीख यांत एखाद्या दिवसाचा फरक धरावा लागतो; पण एका दिवसाने काहीही बिघडत नाही. पौर्णिमा केव्हाच होऊन गेली होती.

यात एक गोष्ट आपल्या नाटकाला थेट उपयोगी पडेल. प्लुटार्कने सीझरच्या शेवटच्या रात्रीचे वर्णन करताना लिहिले आहे की खोलीची दारे-खिडक्या अचानक उघडल्या, आवाजाने आणि अंगावर पडलेल्या चंद्रप्रकाशाने सीझर दचकून जागा झाला, आणि शेजारी त्याची पत्नी कॅल्पुर्निया झोपेत अस्पष्ट काही पुटपुटत होती. पूर्ण चंद्राची कल्पना बहुधा या वर्णनामुळेच पक्की होते. पण त्या रात्रीचा चंद्र उगवलाच असेल तो पहाट जवळ आल्यावर, पूर्वेला, बारीक होत चाललेल्या कोरीच्या रूपात. तेव्हा आपण दोन मार्गांपैकी एक निवडावा: प्लुटार्कचा चंद्र ठेवायचा असेल तर प्रसंग रात्रीच्या शेवटच्या प्रहरात घ्यावा आणि उजेड क्षीण ठेवावा, प्रसंग मध्यरात्रीचा हवा असेल तर चंद्र काढून दिवा किंवा विजेचा लखलखाट वापरावा. मध्यरात्री छपरावर पूर्ण चंद्र ही एकच गोष्ट अशी आहे जी त्या रात्री निश्चितपणे नव्हती.

आता दिनदर्शिकेतील ग्रहणांविषयी. रोमन दिनदर्शिकांना 'फास्ती' म्हणत. सीझरपूर्व काळातील एकच फास्ती आपल्याला मिळाली आहे. रोमच्या दक्षिणेस समुद्रकाठी असलेल्या आन्झिओ येथे सापडलेली, गिलाव्यावर काळ्या आणि तांबड्या रंगात लिहिलेली. तिचे तुकडे कागदावर उतरवून घेऊन वाचण्यासारखे आहेत. प्रत्येक महिन्याचा एक उभा रकाना. प्रत्येक दिवसापुढे आठ दिवसांच्या बाजारचक्राचे A पासून H पर्यंतचे लॅटिन अक्षर. त्यापुढे न्यायालय चालेल की नाही, लोकांची सभा भरेल की नाही, हे सांगणारी खूण. आणि मोठ्या सणांची नावे ठळक अक्षरांत. बारा महिन्यांनंतर तेरावा रकाना त्या २७ दिवसांच्या अधिक महिन्याचा. या सगळ्यात चंद्राच्या कलेची नोंद कुठेही नाही, ग्रहणाची नाही, आणि पौर्णिमांची नावेही नाहीत. लांडगा-चंद्र, फुले-चंद्र अशी जी नावे हल्ली दर महिन्याला वाचायला मिळतात, ती उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी आणि तेथील वसाहतींच्या पंचांगांतून पसरली; त्यांचा रोमशी संबंध जोडू नये. एवढेच काय, अव्हेंटाइन टेकडीवर चंद्रदेवता लूना हिचे मंदिर होते, आणि त्याचा वार्षिक दिवस ३१ मार्च हा होता, त्या दिवशी आकाशात कोणतीही कला असो.

याचा अर्थ ग्रहणांकडे रोमचे लक्ष नव्हते असा मात्र नाही. दिनदर्शिका पुढे घडायच्या, दरवर्षी परत येणाऱ्या गोष्टींची असते. ग्रहण त्यांच्या दृष्टीने घडून गेलेल्या, असाधारण गोष्टींत मोडे. त्याची जागा वेगळी होती, आणि ती आपल्याला जुना रोमन लेखक थोरला केटो याच्या एका वाक्यामुळे कळते. मुख्य पुरोहिताच्या फलकावर जे लिहिलेले असते, म्हणजे धान्य किती वेळा महागले, चंद्राच्या किंवा सूर्याच्या उजेडाला किती वेळा काही आड आले, ते आपल्याला लिहायचे नाही, असे तो आपल्या इतिहासग्रंथात म्हणतो. केटोला ती नोंद रटाळ वाटली. मला मात्र तो फलक जपला गेला नाही याची मनापासून हळहळ वाटते. धान्याचे भाव आणि ग्रहणे शेजारीशेजारी लिहिलेली असती, तर रोमन कालगणनेतले निम्मे वाद एका बैठकीत मिटले असते. एन्नियुस या कवीने अशा एका जुन्या ग्रहणाचा उल्लेख केला होता, जूनच्या नोन्सला चंद्र सूर्याआड आला असा, आणि सिसेरोने तो उद्धृत करून म्हटले आहे की त्या ग्रहणापासून मागे मोजून आधीची ग्रहणे काढण्यात आली. अनेक अभ्यासक हे ग्रहण इ.स.पू. ४०० मधील मानतात. तारीख तशीच धरली तर अमावास्या महिन्याच्या पाचव्या दिवशी पडते, म्हणजे त्या काळीही कोर पाहून कॅलेंड्स ठरवण्याची जुनी रीत चालू राहिली नसावी. हा निष्कर्ष एन्नियुसच्या तारखेवर उभा आहे, त्यामुळे पिडनाच्या पुराव्याइतके वजन मी त्याला देत नाही.

साम्राज्याच्या काळात ग्रहणाचे राजकारणही झाले. इ.स. १४ मध्ये ऑगस्टसच्या मृत्यूनंतर पॅनोनिया या डॅन्यूबकाठच्या प्रांतातील सैन्याने बंड केले. नवा सम्राट तिबेरियुस याचा मुलगा ड्रुसुस तेथे पोहोचला, आणि २६-२७ सप्टेंबरच्या रात्री चंद्र काळवंडू लागला. इतिहासकार टॅसिटस लिहितो की सैनिकांनी ग्रहणाचा संबंध स्वतःच्या बंडाशी जोडला. झांजा, तुताऱ्या, शिंगे वाजवली, चंद्र उजळला की आनंद आणि झाकोळला की शोक केला, आणि शेवटी ढगांनी तो दिसेनासा झाल्यावर देव आपल्यावर कोपले असे मानून ते हताश झाले. ड्रुसुसने ही संधी साधून बंड मोडले. या घटनेतही आपल्या कामाची तारीख आहे. पौर्णिमा २६-२७ सप्टेंबरला असेल, तर त्याआधीची अमावास्या १२-१३ सप्टेंबरच्या सुमारास येते. सप्टेंबरची आइड्स १३ तारखेला. म्हणजे त्या वर्षी जुपिटरच्या मोठ्या मेजवानीचा दिवस चंद्रहीन रात्रीचा होता. याउलट, इ.स. ४५ मध्ये सूर्यग्रहण १ ऑगस्टला, म्हणजे कॅलेंड्सलाच आणि सम्राट क्लॉडियुसच्या वाढदिवशी आले. लोक घाबरून काही अनर्थ ओढवू नये म्हणून त्याने ग्रहणाची वेळ आणि कारण आधीच जाहीर करवले, असे इतिहासकार कासियुस डिओ सांगतो. अमावास्या आणि कॅलेंड्स त्या वेळी एकत्र आल्या तो निव्वळ योगायोग होता.

तरीही सामान्य रोमन माणूस चंद्र विसरला होता, असे समजणे चुकीचे ठरेल. केटो शेतकऱ्याला लाकूड कृष्णपक्षात तोडायला सांगतो, व्हारो वाढत्या आणि घटत्या चंद्रात करायच्या कामांचा विचार करतो. दिनदर्शिकेने चंद्र सोडला, पण शेताने सोडला नाही, आणि म्हणूनच काही ठिकाणी लोक तारखेबरोबर चंद्राचा दिवस वेगळा लिहू लागले. पाँपेईतील एका भिंतीवरचा लेख याचा उत्तम नमुना आहे. नीरोच्या कारकिर्दीतील कॉन्सलांची नावे, फेब्रुवारीच्या आइड्सपूर्वीचा आठवा दिवस म्हणजे ६ फेब्रुवारी इ.स. ६०, मग सूर्याचा वार, मग 'लूना' आणि सोळाचा आकडा, आणि पुढे कुमे व पाँपेई येथील बाजाराचे दिवस. मी ही तारीख गणिताने पडताळून पाहिली आहे. अमावास्या जानेवारीच्या २१-२२ तारखेच्या सुमारास येते, तेव्हा ६ फेब्रुवारीला चंद्राचा सोळावा दिवस अगदी बरोबर बसतो. लिहिणाऱ्याला आपल्या आकाशाची चांगली जाण होती. आणि त्या महिन्याची आइड्स आली तेव्हा पौर्णिमा होऊन आठवडा उलटला होता, हेही त्याला ठाऊक असणार.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे एखाद्या रोमन तारखेवरून चंद्र कसा काढायचा. मी सर्वांत आधी वर्ष कोणत्या टप्प्यातले आहे ते पाहतो. इ.स. ८ नंतरची तारीख असेल तर चिंता नाही. ऑगस्टसने लीप वर्षांचा घोळ तोपर्यंत निस्तरला होता, आणि रोमन तारीख थेट ज्युलियन, म्हणजे सीझरच्या दिनदर्शिकेतली, तारीख म्हणून वापरता येते. इ.स.पू. ४५ ते इ.स. ८ या काळातील तारखेला दोन-तीन दिवसांची मोकळीक ठेवावी लागते. त्याने पौर्णिमेची अमावास्या होत नाही, पण 'नेमकी पौर्णिमा' असे छातीठोकपणे लिहू नये. इ.स.पू. ४५ पूर्वीच्या तारखेला मात्र जवळपासच्या काळात ग्रहणाची खात्रीशीर नोंद मिळाल्याखेरीज मी चंद्राची कला सांगत नाही, आणि कोणी सांगत असेल तर तो आइड्स म्हणजे पौर्णिमा असे धरून चालला आहे का, हे आधी विचारतो.

मग गणिताचे साधन. आकाशदर्शनाचे कोणतेही चांगले सॉफ्टवेअर किंवा नासाने प्रसिद्ध केलेल्या ग्रहणसूची यांसाठी पुरेशा आहेत. त्या वापरताना वर्षाचा आकडा जपून भरावा. इतिहासात इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. खगोलशास्त्रात मात्र शून्य वर्ष धरतात. म्हणून इ.स.पू. ४४ साठी उणे ४३ आणि पिडनाच्या ग्रहणासाठी उणे १६७ असे वर्ष भरावे लागते. उणे ४४ भरले तर आपण भलत्याच वर्षाचा मार्च पाहाल. त्यात चंद्र अकरा दिवसांनी सरकलेला असेल आणि उत्तर पूर्णपणे बदलेल. तारीख ज्युलियन पद्धतीने घेतली जात आहे ना, हेही तपासावे. निरीक्षणस्थान रोम ठेवावे आणि चंद्रोदयाची वेळ स्थानिक सौर वेळेनुसार वाचावी, कारण आजची प्रमाणवेळ तिथे लागू केली तर पहाटेच्या प्रसंगाचा हिशेब बिघडतो. आपण १५ मार्चच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसाचे आकाशही पाहून ठेवावे. तिन्ही पहाटे जी कोर दिसेल, तिच्याच भरवशावर प्रवेशाची प्रकाशयोजना ठरवायला हरकत नाही.